प्रयोगशाळेची गॅसलाइन गळतेय का, आणि कुठे: नव्या लॅब असिस्टंटसाठी

ज्युनियर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी असिस्टंट म्हणून रुजू झाले, तेव्हा गॅसलाइन तपासायला मला अर्ध्या मिनिटात शिकवलं गेलं. आमचे जुने अटेंडंट, सगळे त्यांना मामा म्हणायचे, टेबलाखाली वाकले, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, "काही नाही, ओके आहे." पुढची दोन वर्षं मीही तेच केलं. मग एका जूनमध्ये फॉर्मवर सही घ्यायला आलेली मुलगी दारातच थबकली. "मॅडम, इथं गॅसचा वास येतोय ना?" मामा आणि मी सकाळपासून आत बसलो होतो. आम्हाला कसलाच वास येत नव्हता. खिडक्या उघडल्या, बाहेरचा मेन बंद केला. दुपारी गॅस एजन्सीच्या माणसाने ७ नंबरच्या टेबलाखाली पाइपाच्या युनियनवर (दोन पाइप जोडणाऱ्या नटावर) साबणाचं पाणी लावलं, तर बघता बघता वाटाण्याएवढा फुगा आला.

त्या दिवसापासून मी हे काम नीट शिकले. एजन्सीच्या तंत्रज्ञांना प्रश्न विचारून, शेजारच्या कॉलेजातल्या असिस्टंटकडून, आणि थोडं चुका करून. लाइन गळतेय का, हा एक प्रश्न. कुठे गळतेय, हा दुसरा. दोन्हींसाठी वेगळी तपासणी लागते आणि क्रमही तोच ठेवावा लागतो. बहुतेक जण थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारतात, चार जोडांना साबण लावतात, फुगा दिसत नाही म्हणून रजिस्टरमध्ये "ठीक" लिहून मोकळे होतात.

पुढचं सगळं एलपीजीच्या सिलिंडर बँकेवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांवर चालणाऱ्या, बुन्सेन बर्नरच्या लॅबसाठी आहे. मुंबई-पुण्यात काही ठिकाणी पाइपचा नैसर्गिक गॅस असतो. तिथे पद्धत हीच, पण तो गॅस हवेपेक्षा हलका असल्यामुळे छताकडे जमतो. एलपीजी हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, त्यामुळे तो खाली बसतो. कुठे वाकायचं आणि कुठे स्टुलावर चढायचं, हे यावरून ठरतं.

आधी जमवायचं सामान आणि कागद

सामान फार लागत नाही:

- भांडी घासायचं लिक्विड, पाणी, स्प्रेची बाटली आणि दाढीचा किंवा रंगाचा मऊ ब्रश
- पाण्याचा मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायची नळी (घरी कसा करायचा ते पुढे आहे)
- नट फिरवायचे दोन पाने (स्पॅनर). एक नाही, दोन. कारण दुरुस्तीच्या भागात येईल
- बॅटरी आणि छोटा आरसा
- खडू किंवा मार्कर, आणि दोऱ्याचे टॅग
- घड्याळ आणि भिंतीवरचा थर्मामीटर. लॅबमध्ये तो असतोच, फक्त बघत कोणी नाही

कागदांमध्ये लाइन बसवताना कंत्राटदाराने दिलेलं टेस्ट सर्टिफिकेट, लाइनचा नकाशा, सिलिंडरच्या पावत्या, आणि रेग्युलेटर व नळ्या कधी बदलल्या त्याची नोंद. बहुतेक कॉलेजांत नकाशा सापडत नाही. मग एका दुपारी वहीच्या जोडपानावर स्वतःच काढा: सिलिंडरच्या खोलीतून पाइप कुठून आत येतो, कुठे फाटे फुटतात, प्रत्येक युनियन, एल्बो (वळणाचा जोड), टी (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक (गॅसची तोटी). प्रत्येकाला नंबर द्या. आमच्या लॅबमध्ये असे ७३ जोड निघाले. भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगच्या वर गेलेला पाइप तुटक रेषेने दाखवा. पुढे संशय घ्यायची वेळ आली की आधी त्याच रेषेकडे बघायचं असतं.

विभागप्रमुखांना आधी सांगा आणि त्या दिवशी प्रॅक्टिकल लावू नका. "दोन बॅचच्या मध्ये उरकून घ्या" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. बर्नर नुकतेच विझलेत, मुलं आत-बाहेर करताहेत, अशा वेळी केलेल्या तपासणीतून काहीच कळत नाही.

१. आत शिरताना नाकाचं काम दोन मिनिटं

एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन मुद्दाम मिसळतात. सडक्या कोबीसारखा वास येतो तो त्याचा. प्रमाण असं ठरवलेलं असतं की हवेत पेट घेण्याइतका गॅस जमायच्या बऱ्याच आधी वास यावा. एलपीजी हवेत साधारण २ टक्क्यांच्या आसपास गेला की पेटू शकतो.

पण नाक दमतं. त्याच वासात बसून राहिलं की काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. शिवाय केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया, ॲसिटिक ॲसिड यांची सवय झालेली असते. म्हणून नाकाची तपासणी सकाळी, कुलूप उघडल्या उघडल्या, बाहेरच्या मोकळ्या हवेतून आत शिरतानाच करा. टेबलांखालची कपाटं, सिंकखालची जागा आणि सिंकचं पाणी वाहून नेणारं झाकलेलं गटार, या तीन ठिकाणी खाली वाकून. गटाराकडे कोणाचं लक्ष जात नाही, पण जड गॅसला लपायला त्याहून चांगली जागा नाही. सर्दी झाली असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा.

वास आला नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की पुढची तपासणी सुरू करायला हरकत नाही.

२. वास आला तर तपासणी रद्द

हे वेगळं लिहितेय, कारण नवा माणूस इथेच चुकतो. वास येतोय म्हणून तो साबणाचं पाणी घेऊन शोधायला आत शिरतो. तसं करू नका. क्रम असा:

बाहेरचा मेन कॉक आणि सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करा. मुलांना बाहेर काढा. दारं-खिडक्या उघडा. विजेच्या कुठल्याही बटनाला हात लावू नका: चालू असेल ते चालू राहू द्या, बंद असेल ते बंद. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह सगळ्यात जास्त होतो, आणि ठिणगी नेमकी त्याच बटनात पडते. मेन स्विच लॅबपासून दूर, कॉरिडॉरच्या टोकाला असेल तरच तो पाडा. मोबाइल बाहेर जाऊन वापरा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालतो. आग लागली असेल तर १०१ किंवा ११२.

वास पूर्ण जाऊन जागा हवेशीर झाल्यावरच पुढचं काम. आणि ते एजन्सीचा माणूस समोर असताना.

काडी ओढून गळती शोधणारी माणसं मी अजूनही बघते. "निळी ज्योत दिसली की तिथंच लीक," असं अभिमानाने सांगतात. त्यांच्या हातून काड्यापेटी काढून घ्या, मग ते वयाने कितीही मोठे असोत.

३. सिलिंडरच्या खोलीपासून सुरुवात

खोली म्हणजे बहुधा लॅबच्या मागच्या भिंतीला लागून जाळीचं दार असलेली कोठी. आत फक्त सिलिंडर हवेत. आमच्या कोठीत एकदा स्नेहसंमेलनाच्या मांडवाचे पडदे ठेवले होते.

सिलिंडर १९ किलोचे व्यावसायिक हवेत, घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर लॅबमध्ये वापरणं नियमात बसत नाही. ते उभेच ठेवा. आडवा केला तर व्हॉल्व्हमधून द्रव बाहेर येतो, आणि द्रवाचा गॅस होताना तो सुमारे अडीचशे पट फुगतो. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, ती पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटलेला सिलिंडर उतरवूनच घेऊ नका.

सिलिंडर बदलताना सील काढल्यावर व्हॉल्व्हच्या तोंडात बघा. काळी रबरी रिंग जागेवर आणि न चिरलेली हवी. मग तोंडात दोन थेंब साबणाचं पाणी सोडा. फुगा आला तर सिलिंडर परत. डिलिव्हरीचा माणूस निघून जायच्या आत हे करा, कारण तो गेला की दोन दिवस फोन करत बसावं लागतं.

इथून मॅनिफोल्डपर्यंतच्या (सगळे सिलिंडर जिथे एकत्र येतात त्या पाइपापर्यंतच्या) वाकड्या नळ्या, म्हणजे पिगटेल, त्यांची दोन्ही टोकं, आणि रेग्युलेटरचे जोड यांना व्हॉल्व्ह उघडे ठेवून साबण लावा. या भागात दाब जास्त असतो, त्यामुळे गळती असली तर लगेच दिसते. पण इथलं काहीही स्वतः घट्ट करू नका. व्हॉल्व्ह बंद करा, टॅग लावा, एजन्सीला बोलवा.

४. होल्ड टेस्ट: लाइन दाब धरते का?

यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून दाब मोजायचा. हार्डवेअरच्या दुकानात ८ मिलिमीटरची पारदर्शक पीव्हीसी नळी मिळते. दीड-दोन मीटर घ्या, प्लायच्या पट्टीवर यू आकारात ठोका, दोन्ही बाजू साठ-साठ सेंटिमीटरच्या ठेवा आणि मध्ये ग्राफ पेपर चिकटवा. पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा एक कण टाकला की पातळी लांबूनही दिसते. वाचन म्हणजे दोन पातळ्यांमधला फरक. बर्नरच्या कमी दाबाच्या लाइनवर तो साधारण ३० सेंटिमीटर येतो, म्हणजे ३० मिलिबार.

सावधान: आपली लाइन कमी दाबाचीच आहे, याची रेग्युलेटरवरचे आकडे वाचून खात्री करा. मी पहिल्यांदा हे उपकरण जोडलं ते रेग्युलेटरच्या चुकीच्या टप्प्यावर. गुलाबी पाणी छतापर्यंत उडालं. डाग अजून आहे.

आता पद्धत. आदल्या दिवशी शेवटची बॅच सुटताना आधी मेन कॉक बंद करायचा आणि लाइनमधला उरलेला गॅस बर्नरवर जळून जाऊ द्यायचा. बर्नर आपोआप विझले की टेबलांचे सगळे कॉक बंद. म्हणजे सकाळी लाइन जवळजवळ शून्यावर सापडते.

सकाळी एका टेबलाच्या नोझलला (बर्नरची नळी बसते त्या तोंडाला) मॅनोमीटर जोडा आणि तेवढाच कॉक उघडा. मेनला अजून हात लावायचा नाही. पाण्यात फरक किती दिसतो? एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतील. पण दाब दहा-पंधरा चढलेला दिसला, तर रात्रभर मेन कॉकमधून गॅस झिरपत होता. याला तंत्रज्ञ "कॉक पास करतोय" म्हणतात. असा मेन असेल तर होल्ड टेस्टच खोटी ठरते: एकीकडून लाइन गळत असते, दुसरीकडून मेन भरत असतो, आणि मॅनोमीटर आपला स्थिर. "पाणी हललं नाही, म्हणजे लाइन ठीक" असं आम्ही एकदा पूर्ण वर्षभर मानलं होतं.

म्हणून आधी मेनची परीक्षा घ्यायची. मेन हळूच उघडून दाब १० सेंटिमीटरपर्यंत आणा आणि बंद करा. पाच मिनिटं बघा. वाढत गेला तर मेन पास करतोय. तपासणी तिथेच थांबवा, मेन बदलून घ्या. स्थिर राहिला किंवा कमी झाला तर पुढे चला.

मग मेन उघडून पूर्ण दाब येऊ द्या आणि बंद करा. पाच मिनिटं काही लिहू नका, गॅस आणि पाइप एका तापमानाला येऊ द्या. त्यानंतर वेळ, दाब आणि खोलीचं तापमान लिहा. पंधरा मिनिटांनी तिन्ही पुन्हा लिहा.

आता तापमानाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बंद पाइपातल्या गॅसचा एकूण दाब वातावरणाचा धरून हजार मिलिबारच्या वर असतो आणि आपण मोजतो ते फक्त वरचे तीस. तापमान एका अंशाने वाढलं की एकूण दाब सुमारे तीनशेव्या हिश्शाने वाढतो. म्हणजे मॅनोमीटरवर साडेतीन सेंटिमीटर! आमच्या लॅबचा पाइप पूर्वेच्या भिंतीवरून बाहेरून येतो. नऊ वाजता ऊन त्यावर पडतं आणि पाइप तापायला लागतो. लाइन गळत असली तरी पाणी वर चढताना दिसतं. होल्ड टेस्ट ऊन यायच्या आधी करा, पंखे बंद ठेवून, आणि सुरुवात-शेवटच्या तापमानात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा करा.

किती उतरलं म्हणजे वाईट? अंदाज यावा म्हणून हिशेब देते. अर्धा इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये सुमारे २०० मिलिलिटर गॅस मावतो. आमची लाइन ४० मीटरची, म्हणजे ८ लिटर. पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे या ८ लिटरचा हजारावा भाग, ८ मिलिलिटर, बाहेर गेला. अर्धी परीक्षानळी. इतकी बारीक गळती नाकाला काय कळणार? माझा नियम असा: तापमान स्थिर असताना पंधरा मिनिटांत अर्धा सेंटिमीटरसुद्धा उतरला, तर गळती शोधायची.

एक आठवण. मॅनोमीटरची रबरी नळी नोझलवर सैल बसली असेल तर गळती तिथेच असते. आधी त्या जोडाला साबण लावा. मी एकदा सगळी लॅब पालथी घातली होती आणि दोष माझ्याच नळीत निघाला.

५. साबणाचं पाणी: आता कुठे ते शोधा

अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिक्विड. फुगा टिकावा म्हणून ग्लिसरीनचे चार-पाच थेंब. ते लॅबमध्ये असतंच. ढवळा, पण घुसळू नका. फेस झाला तर त्यात फुगा ओळखू येत नाही. ज्या लिक्विडवर अमोनिया लिहिलेला असेल ते नको, पितळेच्या कॉकला त्याने कालांतराने चिरा पडतात.

मेन उघडा, लाइनमध्ये पूर्ण दाब हवा. बर्नर एकही पेटलेला नको. बॅटरी लॅबच्या बाहेरच चालू करून आत आणा.

नकाशावरच्या नंबरांप्रमाणे जा. प्रत्येक जोडाला ब्रशने सगळीकडून पाणी लावा, मागची बाजू आरशात बघा आणि एक मिनिट थांबा. मोठा फुगा सगळ्यांना दिसतो. बारीक गळती वेगळी दिसते: जोडाच्या कडेला आधी काहीच नसतं, मग पांढरी रेघ उमटते, मग साबुदाण्यासारखे बारीक दाणे एकमेकांना चिकटून वाढायला लागतात. त्याला मिनिट-दीड मिनिट लागतं. याच्या उलट, गळती फार जोराची असेल तर फुगा येतच नाही. पाणी उडून जातं आणि जोड कोरडा दिसतो. ब्रश फिरवल्यावर एखादीच जागा लगेच कोरडी पडत असेल, तर हात मागे घ्या आणि मेन बंद करा.

टेबलावरच्या कॉकची तपासणी दोनदा. एकदा त्याच्या दांड्याभोवती. दुसऱ्यांदा बर्नरची नळी काढून, कॉक बंद ठेवून, नोझलच्या तोंडावर ओल्या बोटाने साबणाचा पातळ पडदा ओढायचा. पडदा सपाट राहिला तर कॉक ठीक. तो हळूहळू घुमटासारखा फुगला तर कॉक बंद असूनही गॅस सोडतोय. मला ही तपासणी सगळ्यात आवडते. २४ कॉक पंधरा मिनिटांत होतात आणि आमच्याकडच्या निम्म्याहून जास्त गळत्या अशाच सापडल्या आहेत. कारण साधं आहे: युनियनला वर्षभर कोणी हात लावत नाही, कॉक मात्र मुलं दिवसातून वीस वेळा पिळतात.

जिथे ब्रश पोचत नाही किंवा जोड रुंद आहे, तिथे जोडाभोवती चिकटपट्टी घट्ट गुंडाळा, टाचणीने एक भोक पाडा आणि साबण त्या भोकावर लावा. सगळी गळती एकाच ठिकाणी येते.

हातातला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर असेल तर उत्तम, पण तो बाहेरच्या स्वच्छ हवेत चालू करून शून्यावर आणा, आणि चालतो का ते चाचणी गॅसने बघा. सिलिकॉनच्या स्प्रेने आणि सीलंटच्या वाफांनी यातले बरेच सेन्सर आंधळे होतात, तेही गुपचूप. सुई हलत नाही म्हणजे गॅस नाही, असं धरू नका.

शेवटी सगळे जोड ओल्या फडक्याने पुसा. साबण राहिला तर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाच्या आट्यांवर गंज धरतो.

६. शेवटचा हातभर: रबरी नळी

होल्ड टेस्टमध्ये कॉकच्या पुढची नळी येतच नाही, म्हणून ती वेगळी बघावी लागते. लॅबच्या सामानात लाल किंवा तपकिरी साध्या रबराच्या नळ्या येतात. पाण्यासाठी त्या ठीक. एलपीजी नैसर्गिक रबर खराब करतो. गॅससाठी आयएस ९५७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेली नळीच घ्या. घरगुती नळी दर पाच वर्षांनी बदलायला सांगतात. लॅबमध्ये ॲसिड सांडतं, तापलेला बर्नर नळीवर पडतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत उंदीर असतात. मी दोन वर्षांतच बदलते आणि त्यावर कार्यालयाशी वाद घालते.

तपासायचं असं: नळी दोन्ही हातांत धरून बोटाभोवती वाकवा. बाहेरच्या वळणावर केसासारख्या चिरा दिसल्या तर फेकायची. टोकं चिवट न राहता पिठूळ लागत असतील तरीही. नुसतं टोक कापून पुन्हा बसवू नका, एक इंचावर तीच गत असते. मग बर्नरच्या तोंडावर बूच लावून, कॉक उघडून, नळी आणि दोन्ही क्लिपांना साबण लावा.

ज्या बर्नरची ज्योत आत शिरून जेटवर जळते, त्याची नळी आधी बघा. खालची नळी तापून आतून कडक झालेली असते, बाहेरून कळत नाही.

७. सापडली, आता काय?

खडूने खूण करा, टॅग लावा, मेन बंद करा, दाब शून्यावर आणा. दाब असताना पाना लावायचा नाही. युनियन घट्ट करताना एका पान्याने पाइप धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा. एकच पाना लावला तर अख्खा पाइप फिरतो आणि भिंतीतला पुढचा जोड सैल होतो. मग एक गळती बंद होते आणि दुसरी जिथे दिसणार नाही तिथे सुरू होते.

तुम्ही करायचं: नळी, क्लिप, बर्नर. कॉक, आटे, युनियन ज्याला सवय आहे त्याने. रेग्युलेटर, पिगटेल, मॅनिफोल्ड आणि भिंतीतला पाइप फक्त एजन्सीच्या किंवा परवानाधारक कंत्राटदाराच्या माणसाने. गावातला प्लंबर ताग आणि सफेदा घेऊन येतो. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. कॉकला व्हॅसलिनही चोळू नका, एलपीजी ते धुऊन नेतो. गॅसच्या कॉकसाठीचं ग्रीस वेगळं मिळतं.

दुरुस्तीनंतर होल्ड टेस्ट पुन्हा, पहिल्यापासून. नुसता त्या जोडाला साबण लावून थांबलात तर एकाच वेळी असलेली दुसरी गळती तशीच राहते.

८. हायड्रोजन आणि नायट्रोजनची लाइन असेल तर

सीनियर कॉलेजात किंवा कंपनीच्या लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) असतो. त्याच्या लाइनला एलपीजीची सवय चालत नाही. या गॅसांना वास नाही. हायड्रोजन ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो, अंगातल्या स्थिर विजेची ठिणगीही पुरते, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही. फुसफुस ऐकू आली म्हणून तिथे हात नेऊ नका. नायट्रोजन पेटत नाही, पण बंद खोलीत ऑक्सिजन कमी करतो, आणि माणसाला गुदमरल्याचं कळायच्या आत तो खाली पडतो.

हायड्रोजनचा सिलिंडर लाल आणि आटे उलटे, म्हणजे डावीकडे घट्ट होणारे. नायट्रोजनचा राखाडी, मानेला काळा पट्टा. नवी किंवा दुरुस्त केलेली हायड्रोजनची लाइन आधी नायट्रोजन भरून तपासून घ्या. सिलिंडर उघडून लाइन भरा, क्रोमॅटोग्राफकडचा व्हॉल्व्ह बंद करा, सिलिंडर बंद करा, रेग्युलेटरच्या दोन्ही काट्यांवर मार्करने खूण करा आणि तासाभराने या. सिलिंडरकडचा काटा उतरला तर दोष सिलिंडरच्या जोडापासून पुढे कुठेही; लाइनकडचा एकटाच उतरला तर पुढच्या भागात. फेरूलच्या (नळीभोवती दाबून बसणाऱ्या धातूच्या कड्याच्या) फिटिंगला आणि सिलिंडरच्या तोंडाला टेफ्लॉन टेप लावू नका, तिथे धातूवर धातू बसूनच सील होतं. उपकरणाच्या आतल्या जोडांना साबण नको, तो आत गेला की आठवडाभर ग्राफवर भुतं, म्हणजे नमुन्यात नसलेल्या घटकांची शिखरं दिसतात. तिथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरच.

ऑक्सिजनची लाइन असेल तर तेलाचा, ग्रीसचा हातसुद्धा लावायचा नाही. घरचं लिक्विडही नको. ऑक्सिजनसाठी चालणारं वेगळं तपासणीचं द्रावण आणा.

९. नोंद आणि वेळापत्रक

नाकाची तपासणी रोज, नोझलवरचा पडदा महिन्यातून एकदा, होल्ड टेस्ट वर्षातून तीनदा: जूनमध्ये कॉलेज उघडताना, दिवाळीनंतर, आणि बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या पंधरा दिवस आधी. आदल्या दिवशी केलीत आणि गळती निघाली तर परीक्षा सिलिंडरशिवाय घ्यायची वेळ येते.

रजिस्टरमध्ये "लाइन तपासली, ठीक" असं लिहू नका. माझ्या वहीतली एक नोंद तशीच देते:

"सकाळी ७.१०. मेन बंद, दाब १०.०, पाच मिनिटांनी १०.०. पूर्ण दाब ७.२५ ला २९.५, तापमान २४. ७.४० ला २७.८, तापमान २४. गळती आहे. साबण: जोड १ ते ७३ स्वच्छ. पडदा: टेबल ७, डावा कॉक फुगला. कॉक बदलला. पुन्हा ९.०५ ला २९.६, ९.२० ला २९.५, तापमान २५, पंखे बंद."

शेवटच्या ओळीसमोर सरांनी पेन्सिलने लिहिलंय: "तापमान वाढलेलं असताना ०.१ उतार. उद्या ऊन यायच्या आधी पुन्हा करा." केली. पूर्वेच्या भिंतीवरचा ३१ नंबरचा एल्बो निघाला, ज्याला मी आदल्या दिवशी आरसा न लावता "स्वच्छ" लिहिलं होतं.